प्रचंड नादाची नीती : ब्रँका, चॅथम आणि केजचा आक्षेप

१

कलाकृतीच्या रचनेवरून तिच्या नीतीविषयी काही अनुमान काढता येते काय, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. सर्वसाक्षी निवेदकाच्या कादंबरीत एक प्रकारची हुकूमशाही असते आणि अनेक आवाजांना समान वाव देणाऱ्या कादंबरीत एक प्रकारचे लोकतंत्र असते, असे विधान आपण इतक्या वेळा वाचलेले असते की त्यातील अनुमानाची पायरी नेमकी कोणती, हे तपासण्याची गरज आपल्याला वाटेनाशी होते. बाख्तिनने दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांसाठी 'बहुस्वनिकता' ही संज्ञा संगीतातून उसनी घेतली, तेव्हा आपण एक रूपक योजत आहोत याचे त्याला पुरते भान होते. पुढच्या समीक्षकांनी या रूपकालाच प्रमाण मानले. आवाज अनेक असले की स्वातंत्र्य, एकच असला की दमन, असे एक सुटसुटीत समीकरण त्यातून रूढ झाले.

साहित्याच्या क्षेत्रात या समीकरणाची परीक्षा घेणे अवघड असते, कारण तेथे रचनेबरोबर शब्दांचा अर्थही काम करीत असतो. एखाद्या कादंबरीतील दमन घाटात आहे की आशयात, हे निर्विवादपणे वेगळे काढता येत नाही. ज्या संगीतात शब्द नाहीत, कथा नाही, पात्रे नाहीत, केवळ नादाचा एक राशी आहे, अशा संगीतावर कोणी नैतिक आक्षेप घेतला तर मात्र प्रश्न आपल्यासमोर निखळ स्वरूपात उभा राहतो. असा आक्षेप १९८२ मध्ये घेतला गेला. तो घेणारा जॉन केज होता. ज्याच्यावर घेतला तो ग्लेन ब्रँका होता, आणि त्या वादाच्या कडेला, अनुपस्थित असूनही अपरिहार्य असा, रीस चॅथम हा तिसरा संगीतकार उभा होता. प्रस्तुत लेखात या प्रसंगाचा आणि या दोन प्रतिस्पर्ध्यांमधील अग्रक्रमाच्या वादाचा एकत्र विचार करावयाचा आहे. वरकरणी हे प्रश्न वेगळे आहेत. एक श्रोत्यावरील सत्तेचा आहे, दुसरा कल्पनेच्या स्वामित्वाचा. ते एकाच मुळाशी जातात, असे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

२

१९८२ साली शिकागो येथे 'न्यू म्युझिक अमेरिका' हा नवसंगीताचा महोत्सव भरला होता. केजचे ते सत्तरीचे वर्ष होते. या महोत्सवात ब्रँकाची 'इनडिटर्मिनेट ॲक्टिव्हिटी ऑफ रिझल्टंट मासेस' ही १९८१ ची रचना सादर झाली. शीर्षकाचा अर्थ 'परिणामी राशींची अनिश्चित क्रिया' असा काहीसा करता येईल. अनेक विद्युत गिटारी आणि तालवाद्ये यांचा तो अत्यंत उच्च पातळीवरील, सलग वाढत जाणारा नाद होता. तो ऐकून केज अस्वस्थ झाला. बेल्जियन संगीतकार विम मर्टेन्स याच्याशी झालेल्या संभाषणात त्याने ही अस्वस्थता बोलून दाखविली. एका माणसाच्या तीव्र इच्छेभोवती इतरांना इतक्या तीव्रतेने बांधून घेणारी ही रचना राजकीय क्षेत्रात असती तर ती फॅसिझमसारखी दिसली असती, आणि अशा समाजात आपल्याला राहावेसे वाटणार नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ब्रँकाला हा आघात वाटला. पुढे कित्येक वर्षांनी ही रचना ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा ते संभाषणही तिच्यात समाविष्ट करण्यात आले. त्या संभाषणाला दिलेल्या शीर्षकात प्रत्येक माणसाने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा हा केजचाच विचार आहे. आरोपपत्र कलाकृतीलाच जोडून प्रसिद्ध करण्याची ही कृती अर्थपूर्ण आहे.

केजचा आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही. तो परंपरावादी श्रोता नव्हता. गोंगाट आणि संगीत यांमधील भिंत पाडणाऱ्यांत तो अग्रणी होता. १९५२ च्या ४'३३" या रचनेत त्याने वादकाला गप्प बसवून सभागृहातील आकस्मिक ध्वनींनाच संगीताचा दर्जा दिला होता. तेव्हा 'हा आवाज संगीत नाही' असे तो म्हणत नव्हता. हे संगीत आहे आणि तरीही ते वाईट आहे, असे तो म्हणत होता. मात्र येथेच एक विसंगती दिसते. ध्वनींना ध्वनी म्हणूनच असू द्यावे, त्यांच्यावर माणसाच्या भावना आणि हेतू लादू नयेत, असे आयुष्यभर सांगणाऱ्या केजने या ध्वनीत मात्र हेतू पाहिला, सत्ता पाहिली आणि समाजाचे चित्र पाहिले.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविषयक विचार अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये कसा वावरत असतो, याचे विवेचन केले आहे. केजचे उदाहरण त्या विवेचनाला पूरक ठरावे. त्याची तत्त्वदृष्टी पहिल्या ध्रुवाजवळची होती, पण शिकागोतील त्या कार्यक्रमाने त्याला एका झटक्यात दुसऱ्या ध्रुवाकडे नेले. यात त्याची फजिती झाली असे मानण्याचे कारण नाही. प्रचंड नादापुढे तटस्थ राहता येत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. प्रश्न असा की, त्याला जे जाणवले ते रचनेत होते काय, आणि असल्यास कोठे?

३

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी दोघा संगीतकारांचे मार्ग पाहणे आवश्यक आहे.

रीस चॅथमचा जन्म १९५२ चा, न्यूयॉर्कमधला. त्याचे आरंभीचे शिक्षण बासरीचे, आणि हार्प्सिकॉर्ड जुळवून देणे हे त्याचे तरुणपणातील एक काम. स्वरांच्या जुळणीची ही कारागिरी त्याला ला माँट यंगकडे घेऊन गेली. यंगच्या 'थिएटर ऑफ इटर्नल म्युझिक'मध्ये तो सामील झाला आणि टोनी कॉनरॅडबरोबरही त्याने काम केले. १९७१ मध्ये, एकोणीस वर्षांच्या वयात, न्यूयॉर्कच्या 'द किचन' या प्रयोगकेंद्राच्या संगीत विभागाचा तो पहिला संचालक झाला. दीर्घकाळ टिकविलेला एकच स्वर आणि त्यातून उमलणारे उपस्वर हे त्याचे क्षेत्र होते. १९७६ मध्ये 'सीबीजीबी' या क्लबात त्याने 'रामोन्स' या पंक वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकला. तीनच स्वरसंघांवर उभे असलेले ते संगीत आपल्या एकस्वरी संगीतापासून फार दूर नाही, असा साक्षात्कार त्याला झाला. त्यातून १९७७ मध्ये 'गिटार ट्रिओ' ही रचना आली. तिच्यात जवळजवळ केवळ 'ई' हा एकच मूलस्वर आहे. तारेवर आघात कोठे होतो यानुसार त्या स्वराच्या पोटातील वेगवेगळे उपस्वर वर येतात आणि तेच रचनेचे 'चलन' होते.

ग्लेन ब्रँकाचा जन्म १९४८ चा, पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्गचा. त्याचे शिक्षण संगीताचे नव्हे, तर बॉस्टनच्या इमर्सन कॉलेजातील नाट्यशास्त्राचे. तेथे त्याने 'बास्टर्ड थिएटर' ही प्रायोगिक नाट्यसंस्था चालविली. १९७६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि 'थिअरेटिकल गर्ल्स' व 'द स्टॅटिक' या वाद्यवृंदांतून वाजवू लागला. त्याच काळात चॅथमच्या 'गिटार ट्रिओ'च्या काही प्रयोगांत तो वादक म्हणून सहभागी होता. १९७९ मध्ये त्याने सहा गिटारींसाठी स्वतंत्र रचना केली, १९८१ मध्ये 'द असेन्शन' ही ध्वनिमुद्रिका आली आणि त्याच वर्षी त्याची पहिली 'सिंफनी'. पुढे तो सिंफनीच लिहीत राहिला. १९८३ च्या तिसऱ्या सिंफनीत त्याने उपस्वरमालेतील पहिल्या १२७ अंतरांचा आधार घेतला आणि त्यासाठी वाद्येही स्वतः बनविली.

हे दोन प्रवास परस्परविरुद्ध दिशांचे आहेत. चॅथम अभिजनांच्या प्रयोगशाळेतून रॉकच्या क्लबात उतरला, तर ब्रँका क्लबातून सिंफनीकडे चढला. एकाची शिस्त श्रवणाची, दुसऱ्याची रंगभूमीची. चॅथमच्या रचनेत काळ जवळजवळ थांबतो आणि श्रोता नादाच्या आत शिरतो. ब्रँकाच्या रचनेत काळ कशाकडे तरी रेटला जातो. तीत आरोह आहे, ताण आहे, उत्कर्षबिंदू आहे आणि कोसळणेही आहे. दोघेही जिन्याच्या एकाच पायरीवर भेटले, एक उतरताना आणि दुसरा चढताना. त्या क्षणी काढलेल्या छायाचित्रात ते एकाच ठिकाणी उभे दिसतात. पुढचा सारा वाद या छायाचित्राभोवती फिरतो.

४

विद्युत गिटारींच्या समूहनादाची कल्पना कोणाची? कालक्रमाचे उत्तर सरळ आहे. 'गिटार ट्रिओ' १९७७ चा, ब्रँकाची सहा गिटारींची रचना १९७९ ची, आणि मधल्या काळात ब्रँका चॅथमकडे वाजवीत होता. पण इतिहासाचे उत्तर बराच काळ निराळे होते, कारण 'द असेन्शन' १९८१ मध्येच बाजारात होती आणि 'गिटार ट्रिओ' ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने श्रोत्यांपर्यंत पोहोचायला त्यानंतर काही वर्षे जावी लागली. चॅथमच्या जुन्या रचनांचा संच एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे त्याच्या स्थानाचा नव्याने विचार होऊ लागला. रचलेले आणि छापलेले यांच्या तारखांमधील अंतरामुळे वाङ्मयेतिहासात जे घोळ होतात, त्यांचाच हा संगीतातील नमुना होय.

तथापि कालक्रमाने अग्रक्रम ठरला, तरी ऋणाचे स्वरूप ठरत नाही. आपल्या काव्यशास्त्राने हा प्रश्न बारकाईने हाताळला आहे. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने दोन काव्यांतील सादृश्याचे, त्याच्या शब्दांत 'संवादा'चे, तीन प्रकार केले आहेत : प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा आणि दोन देहधारी माणसांतील साम्यासारखा. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्माच नसतो. चित्राला असतो तो तुच्छ असतो. हे दोन्ही कवीने टाळावेत. पण दोन माणसे एकमेकांसारखी दिसली, तरी त्यांतला एक दुसऱ्याची नक्कल होत नाही, कारण प्रत्येकाचा प्राण वेगळा असतो. हा तिसरा संवाद त्याज्य नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हीच चर्चा पुढे नेऊन 'परपुरप्रवेश' हा चौथा प्रकार जोडला आणि कवी हा एका अर्थी चोर असतोच, हे गृहीत धरून चोरीच्या गुणवत्तेचा विचार केला.

या कसोटीवर ब्रँकाचे ऋण तिसऱ्या प्रकारचे ठरते, असे मला वाटते. देह सारखा आहे : तीच वाद्ये, तीच सम-स्वरांची जुळणी, उपस्वरांची तीच लूट. प्राण मात्र भिन्न आहे. 'गिटार ट्रिओ'ला उत्कर्षबिंदू जोडला तर ती रचना मोडेल. 'द असेन्शन'मधून तो काढला तर ती मोडेल. ज्या दोन रचनांचे एकमेकींच्या तत्त्वांनी खंडन होते, त्यांपैकी एक दुसरीची प्रतिकृती असू शकत नाही.

पण आनंदवर्धनाचे वर्गीकरण कवीला दोषमुक्त करते, ऋणमुक्त करीत नाही. तो भेद आपण विसरू नये. आणि येथे एक गोष्ट लक्षणीय वाटते. ज्या परंपरेतून हे दोघे येतात, तिलाच स्वामित्वाच्या वादाचा वारसा आहे. यंगच्या ज्या वृंदातून दीर्घस्वराचे हे तत्त्व आले, त्याच्या साठीच्या दशकातील ध्वनिफिती यंगच्या ताब्यात राहिल्या. त्या संगीताचा रचनाकार आपण आहोत, अशी त्याची भूमिका होती. कॉनरॅडने ती अमान्य केली. ते संगीत वृंदाचे होते, कोणा एकाचे नव्हते, असा त्याचा आग्रह होता, आणि त्याने त्यासाठी जाहीर निदर्शनेही केली. दोन पिढ्यांत हाच वाद उद्भवावा, हा योगायोग नव्हे. त्याचे कारण या नादाच्या स्वरूपातच आहे.

५

हे स्वरूप मराठी श्रोत्याला परके नाही. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की कोणीही न छेडलेला गंधार त्यातून ऐकू येतो, आणि त्याला आपण 'स्वयंभू' म्हणतो. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा तो उपस्वर. हे साम्य केवळ सोयीचे नाही. त्यामागे प्रत्यक्ष दुवा आहे. यंग १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचा शिष्य होता. प्राणनाथ हे किराणा घराण्यातील अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, आणि याच घराण्यातील अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेला कर्मभूमी केले होते. तंबोऱ्याच्या जुळणीला गायनाइतकेच महत्त्व देणारी ही परंपरा, आणि तंबोऱ्यांसाठीच प्रसिद्ध असलेले ते गाव. न्यूयॉर्कमधील त्या कर्कश तारांच्या वंशावळीची एक शाखा अशा रीतीने कृष्णाकाठच्या प्रदेशाजवळून जाते.

विद्युत गिटारीच्या सर्वांत खालच्या 'ई' तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२ असते. ध्वनिवर्धकाने ती तार मोठी केली की तिच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे स्वरही वर येतात. सातवा उपस्वर तर पाश्चात्त्य समविभागी सप्तकात बसतच नाही. तो त्यातील कोमल निषादापेक्षा सुमारे एकतृतीयांश अर्धस्वराने उतरलेला असतो. आता अशा अनेक तारा एकाच स्वरात जुळवून एकाच वेळी छेडल्या, तर त्या तंतोतंत एकस्वर कधीच होत नाहीत. त्यांच्या सूक्ष्म फरकांतून आंदोलने निर्माण होतात. शिवाय ५०० आणि ६०० कंपनांचे दोन प्रबळ स्वर एकत्र आले, तर १०० कंपनांचा तिसरा स्वर ऐकू येऊ शकतो. तो कोणत्याही तारेवर नसतो. ऐकणाऱ्याच्या अंतर्कर्णातच तो घडतो. या संगीताच्या श्रोत्यांना अनेकदा त्यात मानवी समूहगान, कर्णे किंवा घंटा ऐकू येतात, त्याचे मूळ येथे आहे. रंगमंचावर ही वाद्ये नसतात.

आणखी एक साधे गणित विचारात घ्यावे. समान तीव्रतेचे स्वतंत्र नाद-स्रोत दुप्पट केले तर ध्वनिपातळी सुमारे ३ डेसिबलने वाढते, आणि एकाचे शंभर केले तर २० डेसिबलने. कानाला दर १० डेसिबलांना आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे शंभर गिटारी एका गिटारीच्या सुमारे चौपटच मोठ्या ऐकू येतील. केवळ मोठा आवाज हवा असता तर शंभर माणसे जमविण्याचे कारण नव्हते. एका अधिक शक्तीच्या ध्वनिवर्धकाने ते काम झाले असते. मग संख्येने काय मिळते? तिने फरक मिळतात. शंभर हातांच्या आघातांतील, शंभर तारांच्या जुळणीतील शंभर बारीक विचलने मिळतात. त्यांच्या मिश्रणातूनच तो झगमगणारा, हलता नादपट विणला जातो. शंभर वादक खरोखरच एका साच्याचे सैनिक असते, तर हा नाद निर्माणच झाला नसता.

केजच्या आक्षेपाला हे पहिले उत्तर आहे. त्याने अनेक शरीरांची एकवटलेली क्रिया पाहिली आणि तिचा अर्थ एकरूपता असा लावला. कानाने मात्र ती एकरूपता नाही, हे सांगितले असते. दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. ब्रँकाच्या वृंदात वाजविणारे ली रॅनाल्डो आणि थर्स्टन मूर तेथे विरून गेले नाहीत. त्यांचा 'सोनिक यूथ' हा वाद्यवृंद उभा राहिला, आणि त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये, म्हणजे शिकागोच्याच वर्षी, ब्रँकाच्या 'न्यूट्रल रेकॉर्ड्स'नेच काढली. ज्या नेत्याच्या पथकातून अनुयायी शिकून बाहेर पडतात आणि नेताच त्यांना दार उघडून देतो, त्याला हुकूमशहा म्हणणे कठीण आहे.

येथे मर्ढेकरांच्या लयतत्त्वाचीही एक मर्यादा दिसते. संवाद, विरोध आणि समतोल हे संबंध संवेदनांमध्ये असतात, म्हणजे संवेदना आधी एकमेकींपासून वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. या नादराशीत घटकांच्या सीमाच पुसल्या जातात. तरीही त्यात लय जाणवते, कारण वेगळेपण घटकांत नसून ऐकणाऱ्याच्या अवधानात असते. कोणत्या उपस्वराकडे कान द्यायचा, हे श्रोता ठरवितो, आणि शेजारी बसलेल्या दोघांनी ऐकलेली रचना एकच असेल असे नाही. प्रत्येकाने आपला कारभार आपण पाहावा, हा केजचा आदर्श त्याने नाकारलेल्या संगीतातच एका अनपेक्षित रूपात सिद्ध होतो.

६

एवढ्याने केजचा पराभव झाला असे म्हणून लेख संपविता आला असता, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच्या आक्षेपाचा एक भाग उरतो, आणि तो या उत्तरांनी विरघळत नाही.

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. पुस्तक मिटता येते, चित्रापासून नजर वळविता येते, पण सभागृहातील नादापासून बाजूला होण्यासाठी उठून बाहेर जावे लागते, आणि तोवर त्याने शरीरावर काही केलेले असू शकते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास हा सुरक्षिततेचा कमाल अवधी आहे, आणि पुढील दर ३ डेसिबलांना तो निम्मा होत जातो. १०० डेसिबलांना पंधरा मिनिटेच उरतात. तेव्हा 'श्रोता अवधानाने मुक्त असतो' हे वर केलेले विधान शरीराच्या पातळीवर लंगडे पडते. ज्या कानाने तो तिसरा स्वर निर्माण करायचा, तोच कान या संगीतात पणाला लागलेला असतो. कांटने उदात्ताच्या अनुभवासाठी एक अट घातली होती : भीषण निसर्गशक्तीकडे पाहणारा स्वतः सुरक्षित स्थळी असला पाहिजे. ब्रँकाच्या श्रोत्याला ही अट पूर्णपणे उपलब्ध नव्हती. केजला जे जाणवले त्याचा खरा आधार येथे आहे. त्याने त्याला राजकीय रूपकाचे नाव दिले, पण मूळ तक्रार संमतीची होती.

याच मुद्द्यावर दोघांतील भेदही नव्याने तपासता येतो. चॅथमने १९८९ मध्ये फ्रान्समधील लील येथे 'ॲन एंजल मूव्हज टू फास्ट टू सी' ही शंभर गिटारींची रचना सादर केली. २००५ मध्ये पॅरिसच्या साक्रे-केर या चर्चमध्ये 'अ क्रिमझन ग्रेल' चारशे गिटारींनिशी झाली, आणि २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या उघड्या प्रांगणात तिचे दोनशे गिटारी व सोळा बेस गिटारींचे रूप ऐकविले गेले. या अखेरच्या रचनेत संख्या प्रचंड आहे, पण आघात नाही. वादक श्रोत्यांच्या समोर रांगेत नसून त्यांच्याभोवती आहेत, आणि अनेक तारांच्या मंद कंपनातून नाद हळूहळू उठतो. अशा नादाला केंद्र नसते, त्यामुळे त्याला नेताही दिसत नाही. ब्रँकाची तेरावी सिंफनी, 'हॅलुसिनेशन सिटी', हीसुद्धा शंभर गिटारींचीच. ती १३ जून २००१ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायथ्याशी झाली. तीन महिन्यांच्या आत त्या इमारती राहिल्या नाहीत. ही सिंफनी मात्र आरंभापासून रेटा देते, आघात करते आणि श्रोत्याला एका दिशेने नेते.

म्हणून चॅथम नीतिमान आणि ब्रँका दमनकारी, असा निवाडा देण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण त्यात आपण बाख्तिनच्या अनुयायांचीच चूक करू : रचनेच्या आकृतीवरून नीतीकडे उडी घेऊ. वेढणारा मंद नाद समोरून येणाऱ्या प्रचंड नादापेक्षा सौम्य असतो, पण त्यापासून सुटणे सोपे असतेच असे नाही. समोरून येणाऱ्या सत्तेचा निदान पत्ता ठाऊक असतो. केजला ब्रँकाविरुद्ध बोलता आले, याचे एक कारण ब्रँका समोर उभा होता हे आहे.

आणखी एका गोष्टीची नोंद करणे मला आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखकाने हे संगीत ध्वनिमुद्रणांतूनच ऐकले आहे, आणि या लेखाच्या बहुतेक वाचकांचीही तीच स्थिती असेल. ध्वनिमुद्रण ऐकताना आवाज कमीजास्त करण्याची कळ आपल्या हाती असते. म्हणजे ज्या प्रश्नाची आपण चर्चा करीत आहोत, तो आपल्या अनुभवात उपस्थितच होत नाही. सत्ता आधीच श्रोत्याकडे आलेली असते. आपण ऐकतो ती रचना खरी, पण तिच्यावर आक्षेप घेतला गेला तो प्रसंग नव्हे. केजच्या आक्षेपाला अतिरेकी म्हणणे आपल्याला इतके सोपे का जाते, याचे उत्तर अंशतः या कळीत आहे.

७

आता दोन्ही प्रश्न एकत्र आणता येतील. हा नाद कोणाच्या हातून होतो? वादक एक स्वर छेडतो, ऐकू येतो दुसराच. तो शेजारच्या शंभर तारांच्या संगतीत, सभागृहाच्या भिंतींत आणि शेवटी श्रोत्याच्या कानात घडतो. रचनाकार तो स्वर लिहीत नाही, फक्त तो घडावा अशी परिस्थिती रचतो. अशा नादावर पहिला हक्क कोणाचा, हा चॅथम-ब्रँका वादाचा प्रश्न, आणि अशा नादातून कोण कोणावर सत्ता गाजवितो, हा केजचा प्रश्न. या दोहोंमागे एकच गृहीतक आहे : नादाच्या मागे एक धनी असलाच पाहिजे. अग्रक्रमासाठी झगडणारा त्या धन्याचे श्रेय मागतो, केज त्याच धन्यावर दोष ठेवतो. कॉनरॅडचा आग्रह या दोघांहून मूलगामी होता, कारण त्याने त्या धन्याचे अस्तित्वच नाकारले होते.

मला कॉनरॅडशी पूर्णपणे सहमत होता येत नाही. परिस्थिती रचणाऱ्यालाही जबाबदारी असते. नाद स्वयंभू असला तरी तंबोरा कोणीतरी जुळवावाच लागतो, आणि तो कसा जुळविला याबद्दल जुळविणाऱ्याला प्रश्न विचारता येतो. कान दुखविणाऱ्या पातळीचा निर्णय स्वयंभू नव्हता. तो ब्रँकाचा होता, आणि तेवढ्यापुरता केजचा आक्षेप टिकतो. ज्याच्याकडून पहिली जुळणी पाहिली त्याचे ऋण मान्य करणे, हीही जुळविणाऱ्याचीच जबाबदारी आहे. पण त्यातून उमललेल्या गंधारावर ना श्रेयाची मोहोर उमटविता येते, ना दोषाची.

साहित्यसमीक्षेने यातून घ्यावयाचा बोध मर्यादित आहे, पण तो महत्त्वाचा आहे. कलाकृतीत आवाज किती आहेत, एक की शंभर, हे मोजून तिची नीती कळत नाही. आवाजांच्या मधल्या जागेत काय घडते आणि ते ऐकणाऱ्याला तेथून उठून जाण्याची मुभा आहे की नाही, हे विचारावे लागते. ब्रँकाचे निधन २०१८ मध्ये झाले, केजचे त्याआधीच, १९९२ मध्ये. त्यांच्यातील वाद त्या दोघांपुरता कधीच मिटला नाही. तो मिटावा अशी अपेक्षाही नाही. आरोप आणि आरोपित रचना एकाच तबकडीवर शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्ही ऐकल्याशिवाय कोणतीच नीट ऐकू येत नाही.